मान कुरकुरते, म्हणून मोडू नये

विरारहून निघालेल्या सकाळच्या लोकलने भाईंदरची खाडी ओलांडेपर्यंत डब्यातल्या बहुतेक माना मोबाइलवर झुकलेल्या असतात. मध्येच कोणीतरी मान वर करतो, हनुवटी तळहातात धरतो आणि डावीकडे एक, उजवीकडे एक असे दोन झटके देतो. कट्, कट्. चेहऱ्यावर समाधान पसरते आणि शेजारी बसलेलाही आपली मान चाचपू लागतो. हाच माणूस रात्री अंथरुणावर कूस बदलतो तेव्हा मानेतून आपोआप कुर्रकुर्र असा आवाज येतो आणि मग मात्र त्याची झोप उडते. हाडे घासू लागली का? वंगण संपले का? मणक्यात गॅप आली का? सकाळी जो आवाज मुद्दाम काढून बरे वाटले, तोच रात्री आपसूक आला की आजार वाटतो.

या दोन्ही समजुती चुकीच्या आहेत. मानेतून आपोआप येणारा आवाज हा बहुतेक वेळा आजार नसतो. तो आवाज काढण्यासाठी किंवा 'अडकलेली नस मोकळी करण्यासाठी' जोराने दिलेला झटका मात्र क्वचित का होईना, थेट पक्षाघातापर्यंत नेऊ शकतो. म्हणजे ज्याला घाबरायला हवे त्याचे लोकांना आकर्षण आहे आणि ज्याला घाबरण्याचे कारण नाही त्याच्यासाठी एक्स-रे, एमआरआय, पट्टा आणि गोळ्या यांवर पैसा खर्च होतो आहे. मान मोडून काम करणाऱ्यांच्या वसई-विरारमध्ये हा उलटा हिशेब सरळ करण्याची गरज आहे.

आवाज येतो कुठून?

साधारण साडेचार ते पाच किलो वजनाचे डोके सात मणक्यांच्या मानेवर तोललेले असते. बहुतेक मणक्यांच्या जोड्यांमध्ये पुढे एक चकती आणि मागे डावा-उजवा असे दोन लहान सांधे असतात. हे सांधे एका पिशवीत बंद असतात आणि त्या पिशवीत वंगणासारखा द्रव असतो. सोड्याच्या बाटलीत जसा वायू विरघळलेला असतो, तसा या द्रवातही असतो. सांध्याचे दोन पृष्ठभाग एकदम दूर ओढले गेले की आतला दाब घटतो, द्रवात वायूची पोकळी तयार होते आणि 'कट्' असा आवाज येतो. हाड हाडावर आपटल्यामुळे तो येत नाही.

ही पोकळी तयार होताना आवाज येतो की ती फुटताना, यावर शास्त्रज्ञ गेली अनेक दशके वाद घालत आहेत. १९४७ मध्ये लंडनमधील दोन संशोधकांनी बोटांच्या सांध्यांचे एक्स-रे काढून ही पोकळी दाखवली आणि आवाज ती तयार होताना येतो असे मांडले. १९७१ मध्ये लीड्सच्या संशोधकांनी बुडबुडा फुटण्याला कारण ठरवले. २०१५ मध्ये कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठाच्या चमूने बोट ओढले जात असतानाच त्याचे एमआरआय चित्रण केले आणि आवाजाच्या क्षणी पोकळी तयार होताना दिसली. २०१८ मध्ये फ्रान्समध्ये मांडलेल्या एका गणिती प्रारूपाने पुन्हा बुडबुडा अंशतः फुटण्याच्या बाजूने कौल दिला. वाद मिटलेला नसला तरी आवाज द्रव आणि वायूच्या खेळातून येतो, यावर एकमत आहे. वायू पुन्हा विरघळायला साधारण वीस मिनिटे लागतात. त्यामुळे एकदा मोडलेले बोट लगेच दुसऱ्यांदा वाजत नाही.

हा झाला 'कट्' आवाज. 'कुर्रकुर्र' किंवा वाळूवर पाय पडल्यासारख्या आवाजाचे कारण वेगळे असते. स्नायूंना हाडाशी जोडणाऱ्या दोऱ्या आणि सांध्यांना बांधून ठेवणारे पट्टे हाडाच्या उंचवट्यावरून सरकतात, तेव्हा सतारीची तार छेडल्यासारखे होते. वय वाढते तसा सांध्यांवरील कूर्चेचा गुळगुळीतपणा कमी होतो आणि दोन पृष्ठभाग एकमेकांवरून फिरताना हलकी करकर होते. जुन्या दाराची बिजागरी कुरकुरते, पण दार उघडते आणि बंदही होते, तसाच हा प्रकार. गुडघ्यातूनही असा आवाज येतो, पण मान कानाच्या अगदी जवळ असते आणि तिचा आवाज हाडांतून थेट कानापर्यंत पोहोचतो. शेजारी बसलेल्याला ऐकूही न येणारी कुरकुर ज्याची त्याला गिरणीच्या घरघरीसारखी वाटते.

झीज दिसली म्हणजे आजार झाला असे नाही

आवाजाने घाबरलेला माणूस पहिल्यांदा एक्स-रे काढतो. वय चाळिशीच्या पुढे असेल तर अहवालात 'स्पॉन्डिलायसिस' हा शब्द हमखास येतो. कोणी तो 'मणक्यात गॅप' म्हणून समजावते, कोणी 'ग्रीस संपले' म्हणून. त्या दिवसापासून तो माणूस मान जपून वळवू लागतो, बाजाराची पिशवी उचलत नाही, व्यायाम बंद करतो. स्नायू दुबळे होतात, मान आणखी आखडते आणि दुखणे खरोखरच मागे लागते. अनेकदा मान बिघडते ती अहवालाच्या धास्तीने.

या अहवालांकडे कसे पाहावे, याचे उत्तर जपानमधील एका मोठ्या पाहणीत मिळते. मानेची कोणतीही तक्रार नसलेल्या १,२११ निरोगी स्वयंसेवकांचे एमआरआय काढण्यात आले आणि ही पाहणी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांपैकी ८७.६ टक्के लोकांच्या मानेत चकती बाहेर फुगलेली दिसली. विशीतल्या मुला-मुलींमध्येही हे प्रमाण सत्तर टक्क्यांच्या वर होते आणि त्यांपैकी कोणाचीही मान दुखत नव्हती. डोक्यावरचे केस पिकतात तसेच मणक्यांचे असते. पिकलेला केस हा आजार नसेल, तर फक्त चित्रात दिसणारी झीजही नसते. तक्रार, तपासणी आणि चित्र या तिन्ही गोष्टी एकमेकींशी जुळल्या तरच त्या चित्राला अर्थ येतो.

त्यामुळे निव्वळ आवाजासाठी एमआरआय काढण्याची गरज नसते. वेदना नाही, मुंग्या नाहीत, हातापायांतली ताकद शाबूत आहे, अशा माणसाला त्या तपासणीतून चिंतेशिवाय काही मिळत नाही. आवाज घालवण्यासाठी कॅल्शियमच्या किंवा 'वंगण वाढवणाऱ्या' गोळ्या घेण्यालाही आधार नाही. महिनोन्महिने गळ्यात घातलेला पट्टा तर उलटच काम करतो, कारण स्नायूंचे काम पट्ट्याने केले की स्नायू ते विसरतात.

वसई-विरारच्या माना

मग येथील इतक्या लोकांच्या माना दुखतात कशामुळे? बऱ्याच अंशी याचे उत्तर त्यांच्या दिवसभराच्या धबडग्यात आहे.

विरार ते चर्चगेट हे अंतर ६० किलोमीटर आहे. जाता-येता प्रत्येकी दीड तास धरला तर दिवसाचे तीन तास प्रवासात जातात. वर्षाचे ३०० दिवस धरले तर हे ९०० तास होतात, म्हणजे सदतीसहून अधिक अख्खे दिवस. उभ्या प्रवाशाचा एक हात वरच्या कडीला, दुसऱ्या हातात मोबाइल, पोटाशी धरलेली सॅक आणि चारही बाजूंनी रेटा अशी अवस्था असते. बसलेला प्रवासी डुलकी घेतो आणि त्याची मान एका खांद्यावर कलंडलेली राहते. कामावर पोहोचल्यावर आठ-नऊ तास संगणकापुढे जातात. परतताना पुन्हा तेच.

पण मान फक्त चाकरमान्यांनाच असते असे नाही. वालीव, सातिवली, गोखिवरे येथील कारखान्यांत आणि शिलाई युनिटांत हजारो माना दिवसभर एकाच कोनात खाली वाकलेल्या असतात. नालासोपाऱ्याच्या चाळींत घरबसल्या मणी ओवणाऱ्या, धागे कापणाऱ्या बायकांना मान वर करायला फुरसत नसते. पाचूबंदर, अर्नाळ्याच्या कोळणींच्या डोक्यावर मासळीची पाटी असते. मिठागरांवर मिठाची टोपली असते. नळाला पाणी नसलेल्या वस्तीत चुंबळीवर हंडा असतो. डोक्यावरच्या ओझ्याचा भार थेट मानेच्या चकत्यांवर येतो, आणि वर्षानुवर्षे असे ओझे वाहणाऱ्यांच्या मानेत झीज लवकर दिसते. यांच्या मानेचे दुखणे 'टेक्स्ट नेक'च्या चर्चेत कुठेच येत नाही.

या 'टेक्स्ट नेक'बद्दलही एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. मान ६० अंशांत वाकवली की तिच्यावर २७ किलोचा भार येतो, हे वाक्य मोबाइलवर सारखे फिरत असते. हा आकडा २०१४ मध्ये अमेरिकेतील एका शल्यचिकित्सकाने संगणकीय प्रारूपातून काढलेला आहे. कोणाच्या मानेवर वजनकाटा लावून तो मोजलेला नाही. वाकलेली मान म्हणजे मोडकी मान असे समजण्याचे कारण नाही. मान वाकण्यासाठीच घडलेली आहे. त्रास होतो तो एकाच स्थितीत तासन्‌तास अडकून राहिल्याने, मग ती स्थिती कितीही 'योग्य' असो. स्नायू थकतात, आखडतात, आणि आखडलेल्या मानेला 'मोडून मोकळे' व्हावेसे वाटते.

झटक्याची किंमत

बोटे मोडण्याचा प्रकार तुलनेने निरुपद्रवी आहे. डोनाल्ड अंगर नावाच्या अमेरिकी डॉक्टरांनी पन्नास वर्षे फक्त डाव्या हाताची बोटे रोज किमान दोनदा मोडली आणि उजव्या हाताला हात लावला नाही. १९९८ मध्ये त्यांनी जाहीर केले की दोन्ही हात सारखेच आहेत, संधिवात एकाही हातात नाही. या चिकाटीला २००९ मध्ये विनोदी संशोधनासाठीचा 'इग नोबेल' मिळाला. एका माणसाच्या प्रयोगातून शास्त्र सिद्ध होत नाही, पण बोटे मोडण्याने संधिवात होतो असे दाखवणारा भक्कम पुरावाही मिळालेला नाही.

मानेला मात्र हा न्याय लावता येत नाही. बोटाच्या सांध्यातून मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी जात नाही. मानेच्या मणक्यांतून ती जाते. मेंदूच्या मागच्या भागाला रक्त पुरवणाऱ्या दोन रक्तवाहिन्या, एक डावी आणि एक उजवी, मानेच्या वरच्या सहा मणक्यांच्या बाजूला असलेल्या छिद्रांतून वर चढतात आणि पहिल्या मणक्याभोवती वळसा घालून कवटीत शिरतात. मान डावी-उजवीकडे वळते त्यातले जवळपास निम्मे वळण एकट्या पहिल्या आणि दुसऱ्या मणक्यामध्ये होते. जोराचा झटका बसला की त्या ठिकाणी रक्तवाहिनी ताणली जाते आणि तिचे आतले अस्तर फाटू शकते. फाटलेल्या जागी रक्ताची गुठळी धरते. ती गुठळी तिथेच मार्ग अडवते किंवा सुटून मेंदूत जाते. हाच पक्षाघात. तो झटक्याच्या क्षणीच होतो असे नाही. काही तासांनी किंवा काही दिवसांनीही होतो, आणि तोपर्यंत झटक्याचा संबंध कोणाच्या लक्षातही राहत नाही.

मानेच्या रक्तवाहिन्या फाटण्याचे एकूण प्रमाण कमी आहे. पाश्चात्त्य देशांतील नोंदींनुसार दर लाख लोकांमागे वर्षाला साधारण तीन जणांना हा त्रास होतो आणि त्यात झटक्याशिवाय होणारेही असतात. सर्व पक्षाघातांत त्याचा वाटा सुमारे दोन टक्केच आहे. पण तरुण आणि मध्यमवयीन माणसाला पक्षाघात होतो, तेव्हा त्यामागच्या प्रमुख कारणांत तो असतो. झटका हेच कारण आहे का, यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत. आधीच रक्तवाहिनी फाटू लागल्याने मान दुखते आणि म्हणून माणूस मान मोडून घ्यायला जातो, असेही घडते. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१४ मध्ये सगळा पुरावा तपासून सांगितले की संबंध दिसतो, कार्यकारणभाव सिद्ध झालेला नाही, तरीही मान फिरवून घेणाऱ्याला हा धोका आधी सांगितला गेला पाहिजे. सलूनच्या खुर्चीत तो कोण सांगणार?

आपल्याकडची उदाहरणे दूरची नाहीत. २०१७ मध्ये दिल्ली परिसरातील एका माणसाला सलूनमध्ये मान मोडून घेतल्यानंतर श्वास घेता येईनासा झाला. श्वासपटल हलवणाऱ्या, मानेतून निघणाऱ्या नसांना इजा झाल्याचे डॉक्टरांना आढळले. २०२४ मध्ये कर्नाटकातील बळ्ळारी येथे तिशीतल्या एका कामगाराला सलूनमध्ये डोक्याला मालीश करताना मान फिरवल्यानंतर पक्षाघात झाला. त्याच्या मानेतील रक्तवाहिनी फाटली होती. दोन्ही बातम्या देशभर छापल्या गेल्या, लोकांनी वाचल्या आणि विसरल्या.

यात नाभिक व्यावसायिकांना खलनायक ठरवण्याचे कारण नाही. दाढी-कटिंगनंतरची चंपी आणि शेवटचा 'कट्' हा गिऱ्हाइकाला आपलेपणाने दिलेला वाढावा असतो, आणि बहुतेक वेळा गिऱ्हाईकच तो मागते. चंपीत काहीही वाईट नाही. कपाळ, खांदे, मानेचा मागचा भाग हलक्या हाताने चोळल्याने आखडलेले स्नायू सैल होतात. थांबायला हवा तो फक्त शेवटचा झटका. हीच गोष्ट 'हाडे बसवून' देणाऱ्यांची आणि माइक लावून मणक्यांचे आवाज ऐकवणाऱ्या चित्रफितींची. तेथे आवाज जितका मोठा, तितका उपचार भारी समजला जातो. पण वायूचा बुडबुडा म्हणजे काही जागेवर बसलेले हाड नव्हे.

मग मानेचे करायचे काय?

दुखणाऱ्या किंवा आखडणाऱ्या मानेवरचा सर्वांत भरवशाचा उपाय हळूहळू ताकद वाढवणे हा आहे. २००३ मध्ये फिनलंडमध्ये मान दुखणाऱ्या १८० कार्यालयीन महिला कर्मचाऱ्यांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. वर्षभर मानेचे आणि खांद्यांचे ताकद व दमसास वाढवणारे व्यायाम करणाऱ्या गटांत वेदना आणि कामातला अडथळा स्पष्टपणे कमी झाला. येथे लागणारे व्यायाम घरच्या खुर्चीवर बसून करता येतात.

पहिला व्यायाम हनुवटीचा. ताठ बसून, नजर समोर ठेवून, हनुवटी वर-खाली न करता सरळ मागे न्यावी, पाच सेकंद धरावी आणि सोडावी. असे दहा वेळा. दुसरा तळहाताचा. तळहात कपाळावर ठेवून कपाळाने हाताला आणि हाताने कपाळाला रेटावे, पण मान हलू देऊ नये. जोर पूर्ण ताकदीच्या निम्म्याहून कमी असावा. पाच सेकंद झाले की सोडावे. मग डोक्याच्या मागे, डावीकडे आणि उजवीकडे तेच करावे. श्वास मात्र रोखू नये, विशेषतः रक्तदाब असलेल्यांनी. तिसरा खांद्यांचा. दोन्ही खांद्यांची पाती मागे एकमेकांजवळ आणावीत, पाच सेकंद धरावीत, असे दहा वेळा. चौथा मान वळवण्याचा. हाताचा आधार न घेता, सहज जाईल तेवढीच मान सावकाश डावी-उजवीकडे पाच-पाच वेळा वळवावी. त्यात कुरकुर झाली तर होऊ द्यावी. डोके गरागरा गोल फिरवण्याची गरज नाही, त्याने वयस्करांना चक्कर येऊ शकते. हातात मुंग्या आल्या, वेदना वाढली किंवा गरगरले तर व्यायाम थांबवून डॉक्टरांना दाखवावे.

हे सारे दहा मिनिटांत होते. दिवसातून दोनदा करावे आणि फरक पडतो का हे पाहायला सहा ते आठ आठवडे द्यावेत. आवाज कमी होईलच असे नाही. मान न दुखता वळते का आणि काम करू देते का, एवढाच प्रश्न महत्त्वाचा आहे.

बाकीचे उपाय साधे आहेत. अर्ध्या तासाने एकदा जागेवरून उठावे किंवा निदान बसण्याची पद्धत बदलावी. मोबाइल छातीपर्यंत वर उचलावा, खांद्याने कानाशी दाबून बोलू नये. प्रवासात एक-दोन स्थानकांपुरता मोबाइल खिशात ठेवून खिडकीबाहेर पाहिले तरी मानेला सुटी मिळते. उशी मान आणि गादी यांच्यामधली पोकळी भरेल एवढीच जाड असावी. पालथे झोपणे टाळावे. मान धरली असेल तर पंधरा-वीस मिनिटे गरम पाण्याचा शेक द्यावा आणि झेपेल तेवढी हालचाल चालू ठेवावी. डोक्यावर ओझे वाहणे ज्यांना चुकत नाही, त्यांनी जमेल तेव्हा एका मोठ्या ओझ्याचे दोन लहान वाटे करावेत. वेदनाशामक गोळ्या मेडिकलमधून परस्पर आणून रोज घेण्याची सवय पोट आणि मूत्रपिंड दोन्हींना महाग पडते. काही दिवसांतच 'जादू' करणाऱ्या पुडीत स्टेरॉइड मिसळलेले असण्याचीही शक्यता असते.

स्वतःच मान मोडण्याची सवय लागलेल्यांसाठी एक युक्ती आहे. झटका देऊन मिळणारा आराम खरा असतो, पण थोड्याच वेळाचा, म्हणून हात पुन्हा हनुवटीकडे जातो. तो गेला की खांद्यांची पाती मागे ओढावीत आणि मान सावकाश वळवावी. तेवढ्याने आवाज आला तर बिघडत नाही. हाताचा जोर आणि झटका, एवढे दोनच सोडायचे आहेत.

केव्हा थांबू नये

आवाज निरुपद्रवी असतो, पण त्याच्या जोडीला काही लक्षणे आली तर दुर्लक्ष जिवावर बेतू शकते.

मानेला झटका बसल्यानंतर, किंवा अचानक, मानेत वा डोक्यात पूर्वी कधी न झालेली तीव्र वेदना उठली, तोल जाऊ लागला, एकाच्या दोन वस्तू दिसू लागल्या, बोलणे अडखळले, गिळता येईना, चेहरा वाकडा झाला, एक पापणी खाली आली किंवा हातपाय बधिर झाले तर तो पक्षाघात असू शकतो. १०८ ला फोन करावा. गुठळी विरघळवणारे औषध लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आतच देता येते. महामार्गावर वर्सोवा पुलाजवळची कोंडी ज्यांना ठाऊक आहे, त्यांना साडेचार तास किती अपुरे असतात हे सांगायला नको. 'रात्रभर आराम करून बघू' या वाक्याला येथे जागा नाही. रुग्णालयात पोहोचल्यावर मान मोडून घेतली होती, हे न लाजता सांगावे.

दुसरी लक्षणे हळूहळू येतात आणि म्हणूनच फसवतात. शर्टाची बटणे लावताना बोटे चाचपडू लागतात, सुईत दोरा जात नाही, सुट्टे पैसे मोजता येत नाहीत, चालताना पायातली चप्पल नकळत सुटते, पाय लाकडासारखे ताठ वाटतात, मान पुढे वाकवली की पाठीतून विजेसारखी झिणझिणी जाते, लघवीवर ताबा राहत नाही. मानेतल्या मज्जारज्जूवर दाब येत असल्याची ही खूण असू शकते. अशी मान फार दुखतेच असे नाही. येथे एमआरआय हवाच आणि तोही लवकर.

याशिवाय हातात उतरणारी कळ किंवा कमजोरी, ताप, वजन घटणे, रात्री झोपू न देणारी वेदना, पूर्वीचा क्षयरोग वा कर्करोग, पडल्यानंतर सुरू झालेले दुखणे, यांपैकी काहीही असेल तर डॉक्टरांची तपासणी टाळू नये. मणक्याचा क्षय आपल्याकडे दुर्मीळ नाही. जुना आमवात असलेल्यांच्या मानेचे वरचे सांधे सैल झालेले असू शकतात, त्यांच्या मानेला कोणीही झटका देता कामा नये. मानेतून किंवा कानातून नाडीच्या ठोक्याबरोबर सों-सों असा आवाज येत असेल, तर तो सांध्याचा नसून रक्तप्रवाहाचा असू शकतो आणि त्याचीही तपासणी व्हायला हवी.

शहराचे काम

आपली मान सांभाळणे हे ज्याचे त्याचे काम असले तरी सगळे त्याच्यावर सोडून चालणार नाही. २००९ मध्ये स्थापन झालेल्या वसई-विरार महापालिकेच्या हद्दीत २०११ च्या जनगणनेत सव्वाबारा लाखांच्या आसपास लोक होते. शहर त्यानंतर वाढतच गेले. मान, पाठ आणि गुडघे हे या कष्टकरी शहराचे रोजचे दुखणे आहे. त्यावर गोळी लिहून देणारा दवाखाना कोपऱ्याकोपऱ्यावर आहे, पण व्यायाम शिकवणारा फिजिओथेरपिस्ट गरिबाला परवडेल अशा ठिकाणी सहज भेटला पाहिजे. महापालिकेच्या प्रत्येक आरोग्य केंद्रात आठवड्यातून दोन दिवस जरी तो बसला, तरी कित्येक एमआरआय, पट्टे आणि झटके वाचतील. राज्यात फिजिओथेरपिस्टची नोंदणी करणारी परिषद आहे. मानेला हात लावू देण्यापूर्वी नोंदणी आहे का, असे विचारण्याचा प्रत्येकाला अधिकार आहे.

दुसरे काम सलूनचे. नाभिक संघटना, महापालिकेचा आरोग्य विभाग आणि डॉक्टरांच्या स्थानिक संघटना यांनी एकत्र बसून प्रत्येक सलूनच्या आरशावर एकच ओळ चिकटवावी: 'चंपी करू, मान मोडणार नाही.' त्यासाठी कायद्याची गरज नाही आणि खर्चही नाममात्र आहे. गिऱ्हाइकाने हट्ट धरलाच तर त्या ओळीकडे बोट दाखवून नकार देणे कारागिरालाही सोपे जाईल.

तिसरे काम डॉक्टरांचे. अहवालातली 'झीज' रुग्णाला सांगताना 'तुमच्या वयाला असे दिसतेच, मान वापरा' हे वाक्य सोबत गेले पाहिजे. ते सांगायला अर्धे मिनिट लागते आणि न सांगितल्याचे दुष्परिणाम वर्षानुवर्षे टिकतात.

कुरकुरणारी मान बहुधा एवढेच सांगत असते की ती फार वेळ एका जागी अडकली आहे आणि तिला थोडे हलायचे आहे. तिला सावकाश हलवावे, रोज थोडी ताकद द्यावी. झटका मात्र कोणालाही देऊ देऊ नये, स्वतःच्या हातालाही नाही.